फीत

रुबाब तडवींनी जळलेली डीपी उघडली
तेव्हा सावद्यात सत्तेचाळीस अंश होते
आणि तेलाचा वास शेडभर चिकटलेला.
गाभ्यातून त्यांनी एक फीत सोडवली,
कागदाहून पातळ, आरशासारखी.
"हे लोखंड म्हनते तू,
मंग कचकड्यावानी काहून वाजते?"

मी म्हटलं, काका, ही काच आहे.
ते हसले. काचेतून पलीकडचं दिसतं,
एवढं त्यांना माहीत होतं.

बांधावर उभं राहून केळीच्या बागेत पाहावं,
खोडं रेषेत मागे मागे जातात,
पाच फुटांवर एक, परत पाच फुटांवर एक.
साधं लोखंड तसं लावलेलं असतं.
ही फीत लावायला कुणाला वेळच नव्हता.
वितळलेला रस तांब्याच्या गरगरत्या चाकावर पडला
आणि पापणी लवायच्या आत,
नाही, त्याच्याही शंभराव्या हिश्श्यात,
जो जिथे होता तिथे अडकला;
बोरॉनचं कोपर लोखंडाच्या बरगडीत,
कुणाचा गुडघा कुणाच्या पाठीत.

पालच्या जीपमध्ये बसल्यासारखं.
एकाला उतरायचं तर आठ-दहा जण हलतात,
कुणी कोंबड्यांची डालकी उचलतं,
कुणी परक्याचं पोर मांडीवर घेतं,
आणि जीप पुन्हा सुटेस्तोवर
आत नवी मांडणी झालेली असते,
जुनीइतकीच अवघडलेली.

थांबलेलं मात्र कुणी नसतं.
जागच्या जागी थरथरतात सगळे.
डीपीचा घुमारा ऐकू येतो तो हा नव्हे,
तो सेकंदाला शंभराचा.
माझा त्याच्या हजार कोटी पट,
आणि तरी आमच्या वहीत त्याचं नाव संथ.

रांगेतल्या अणूंकडून अपेक्षा असते
त्याहून जास्त संथ थरथर इथे निघते.
इंदूरला थंड करून आणलेल्या आकड्यांत
शून्याच्या जरा वर, पंधरा केल्विनपाशी
आलेखाला टेकाड येतं.
सहा वर्षं मी त्या टेकाडावर बसून आहे.
कुणी म्हणतं, सैल पिंजरे. कुणी म्हणतं, मऊ जागा.
भिरूड सर म्हणतात, नेहेते, लिहून टाका,
कारण अद्याप अभ्यासाधीन.

वहीत मी सातपुडा काढते,
उंची फुटांत नाही, ऊर्जेत.
खोरी, खोऱ्यांच्या पोटात नाले, नाल्यांत खळगे.
सगळ्यात खोल दरीत ती केळीची बाग आहे;
फीत तिथवर पोचलीच नाही.
जिथे अंधार पडला त्याच नाल्यात मुक्काम,
आणि खिंड चढायला अंगात ऊब नाही.

भट्टीत हलकेच तापवली
तर एखादी खिंड ओलांडते,
शेजारच्या जरा खोल खळग्यात उतरून निवांत होते.
गाभ्याला अशीच लागते, वीज कमी वाया जाते.
फक्त मग ती वाकत नाही.
टिचकी मारली की नागलीच्या पापडासारखी.

हे मी पुढच्या खेपेला सांगितलं.
काकांनी पक्कड पुसली, फडक्याची घडी घातली.
"म्हंजे निवांत झाली का मोडते."
मी म्हटलं, पण नायट्रोजनच्या गारठ्यात
बुडवून काढली, बुडवून काढली,
तर कधी कधी परत वर चढते. परत अवघडते. वाकते.
"मंग बुडव नं."
पुढच्या वर्षी ते निवृत्त होतात,
एकतीस वर्षं खांबावर.
त्यांनी फितीबद्दलच विचारलं होतं.

आत्ता रात्रीचे अडीच.
लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला,
कोपऱ्यावरच्या डीपीचा घुमारा तुटला
आणि तो इतका वेळ चालू होता हे तेव्हा कळलं.
खोलीत अडतीस अंश. प्लास्टिकच्या डबीत
फीत आपली थरथरत असणार,
तिला खांबावरच्या विजेशी काय देणंघेणं.

मोबाईलच्या उजेडात मी पुढचा आकडा उतरवला,
चौदा दशांश आठ.
बाहेर एक मोटरसायकल किकला दाद देत नव्हती,
मग दिली.
काकाच असतील,
शिडी घेऊन निघालेले.